आठवीतल्या लेकीची शाळा बदलताय, पण तिला सांगितलंय का?

पत्र (थोडं कापून देतेय): ताई नमस्कार. माझी मुलगी बालवाडीपासून एकाच शाळेत आहे, आता आठवी संपत आलीये. शाळा विनाअनुदानित, मराठी माध्यमाची, बालवाडी ते दहावी, वर्गात मुलं कमी. प्रयोगशील म्हणतात तशी. मुलं गटात बसतात, प्रोजेक्ट करतात, गेल्या वर्षी तर महिनाभर गावातल्या ओढ्याचा नकाशा काढत होती. प्रगतिपुस्तकात टक्के नाहीत, नुसत्या वर्णनात्मक नोंदी. सातवीत गणिताच्या ताईंनी लिहिलं होतं, 'ऋण गुणिले ऋण धन का होतं हे पटेपर्यंत ती पुढची उदाहरणं सोडवायला तयार नव्हती. दोन दिवस त्यावरच होती. मग आकड्यांचा क्रम मांडून तिनेच वर्गाला समजावलं.' आता एका नियमावर दोन दिवस घालवणारी मुलगी जेईईला अडीच मिनिटांत एक प्रश्न कसा सोडवणार? माझ्या भावाच्या मुलाला सीबीएसईला सातवीत ९३ टक्के आहेत. हे अमेरिकन फॅड आपल्याकडे चालत नाही असं आता वाटतं. मला स्वतःला डिप्लोमावर थांबावं लागलं, तिचं तसं होऊ द्यायचं नाही. म्हणून नववीपासून फाउंडेशनच्या इंटिग्रेटेड बॅचला (म्हणजे दिवसभर जेईई-नीटच्या तयारीच्या क्लासला) घालतोय, ५० हजार भरलेत, शाळा फक्त नावाला राहील. मुलीला अजून सांगितलं नाहीये, परीक्षा झाली की सांगू. तिची आई नको म्हणते पण तिला यातलं कळत नाही. तर इंजिनिअरिंगला चांगलं कॉलेज मिळेल का, की मेडिकलकडे वळवावं? मार्ग सांगा.

उत्तर:

दादा नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीपाशी थांबले, 'मुलीला अजून सांगितलं नाहीये'. जेईई, मेडिकल, टक्के हे सगळं नंतर बोलू, आधी ह्या ओळीबद्दल बोलायचंय कारण मला काळजी त्याची वाटतेय, तिच्या गणिताची अजिबात नाही.

बघा, तुम्ही स्वतः तिला अडीच-तीन वर्षांची असताना ह्या शाळेत घातलंत. तेव्हापासून ती अशा ठिकाणी वाढली जिथे तिला रोज काही ना काही विचारलं जातं, तुला काय वाटतं, तू कसं केलंस, हे चुकलं तर का चुकलं असेल. सहलीला कुठे जायचं हे वर्गात बसून ठरतं, भांडण झालं तर दोघांचं ऐकून घेतात. अशा मुलीला एक दिवस परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन घरी आल्यावर सांगायचं की तुझी शाळा बदललीये, फी भरलीये, पुढच्या महिन्यापासून बॅच सुरू. मैत्रिणींचा निरोप पण घेता येणार नाही तिला नीट. तुम्ही म्हणाल चौदा वर्षांच्या मुलीला काय कळतं. तिला सगळंच कळेल असं मी म्हणत नाहीये, पण ऋण गुणिले ऋण हा नियम सुद्धा जिने पटल्याशिवाय घेतला नाही, ती एवढा मोठा निर्णय न पटता घेईल असं तुम्हाला खरंच वाटतं का? गप्प बसेल कदाचित. पण ते गप्प बसणं म्हणजे होकार समजू नका.

आणि आई. 'तिला यातलं कळत नाही' हे वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं. मला सांगा, आजवरच्या पालकसभांना कोण जात होतं? तुमच्या पत्रात ओढ्याच्या नकाशाबद्दल दीड ओळ आहे, तुम्ही तो नकाशा बघितलाय का? आईने बघितला असणार याची मला जवळपास खात्री आहे. जेईईच्या पेपरात किती प्रश्न असतात हे त्यांना माहीत नसेल, पण मुलगी कशावर खुलते, कशाला घाबरते, रात्री उशिरापर्यंत कशासाठी जागते हे त्यांना माहीतीये, आणि करिअरच्या निर्णयात ही माहिती सगळ्यात आधी लागते. पहिल्यांदा त्यांच्याशी बसून बोला. समजूत काढायला नको, त्या का नको म्हणतायत ते ऐकायला.

माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला दहावी-बारावीची मुलं येतात तेव्हा बऱ्याचदा असं होतं की मी मुलाला प्रश्न विचारते आणि उत्तर वडील देतात. मुलगा खाली बघत असतो. परत विचारलं की म्हणतो, 'बाबा म्हणतील ते'. दहा-बारा वर्षांत कुणीच त्याला काही विचारलेलं नसतं, मग ऐनवेळी कुठून सांगणार तो? तुमच्या मुलीचं तसं झालेलं नाही. तिला स्वतःचं मत आहे. ही गोष्ट कुठल्याही क्लासमध्ये फी भरून मिळत नाही आणि तुम्ही ती आत्ता घालवायला निघालाय म्हणून मी इतकं स्पष्ट बोलतेय.

आता त्या नोंदीकडे येऊ. तुम्हाला त्यात मुलगी स्लो दिसली, मला काय दिसलं सांगते. तिने बहुतेक असं मांडलं असणार: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. दर वेळी उत्तर दोनने वाढतंय. मग पुढची पायरी (−१) × (−२), तिथे उत्तर २ च यायला हवं, नाहीतर क्रमच मोडतो. आपल्यापैकी बहुतेकांनी हे 'वजा वजा अधिक' असं पाठ केलं आणि पुढे गेलो, तुम्हीही आणि मीही. सातवीतल्या मुलीने ते स्वतः शोधलं आणि वर्गासमोर उभं राहून समजावलं! दादा, जेईईचा पेपर नीट बघा कधीतरी. ७५ प्रश्न, १८० मिनिटं, ३०० मार्क. त्यातले अवघड प्रश्न सूत्र पाठ असून सुटत नाहीत, दोन-तीन कल्पना एकत्र आणाव्या लागतात, आणि हे ज्याला जमतं त्याचा वेग सरावाने वाढवता येतो. उलटं करणं फार अवघड जातं. नुसता वेग घेऊन आलेल्या मुलाला अकरावीत कॅल्क्युलस समोर आलं की 'का' विचारायची सवयच नसते आणि मग तो प्रत्येक प्रकाराचं एकेक उदाहरण पाठ करत सुटतो.

हाच तो गैरसमज आहे जो मला सारखा भेटतो, की मूलकेंद्री शाळा म्हणजे मुलांना वाटेल ते करू देतात, परीक्षा नाही, शिस्त नाही, म्हणून ही मुलं बाहेर टिकत नाहीत. असं नसतं हो. चांगल्या शाळेत शिक्षकाला उलट जास्त काम असतं, प्रत्येक मूल कुठे अडलंय हे त्याला रोज बघावं लागतं, ते चार पानी नोंदी लिहिणं काही गंमत नाही, ९३ हा आकडा लिहायला एक सेकंद लागतो. आणि ९३ टक्क्यांवरून तुमच्या पुतण्याला नक्की काय येतं आणि काय येत नाही ते तुम्ही सांगू शकाल का? (पुतण्याचं कौतुक आहेच, त्याच्याशी तुलना करून दोन्ही मुलांवर अन्याय करू नका एवढंच.) परीक्षेचं म्हणाल तर राज्यात आता आठवीला वार्षिक परीक्षा द्यावीच लागते आणि दहावीला तुमची मुलगी एसएससी बोर्डाचाच पेपर देणार आहे, सगळ्यांसारखा, तीच पुस्तकं, तेच मार्क.

अमेरिकन फॅडचं म्हणाल तर तेही बरोबर नाही. गुजरातचे शिक्षक गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर ही लहान मुलांची शाळा काढली १९२० साली. आपल्या ताराबाई मोडक तिथे जाऊन त्यांच्यासोबत कामाला लागल्या, १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, मग ताराबाईंनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी. मुलं शाळेत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. तीच पुढे अंगणवाडी म्हणून सगळ्यांना माहीत झाली. अशा शाळाही आहेत: कोल्हापुरात लीलाताई पाटलांचं सृजन आनंद १९८५ चं, फलटणचं कमला निंबकर बालभवन १९८६ चं, पुण्याचं अक्षरनंदन १९९२ चं. फलटणची शाळा काढणाऱ्या मॅक्सीन बर्नसन, म्हणजे मॅक्सीन मावशी, जन्माने अमेरिकन हे खरं, पण त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, उभं आयुष्य इथे काढलं आणि शाळा काढली ती मराठी माध्यमाची. बालभवन आणि अक्षरनंदनची मुलं दहावी बोर्डाला बसतात आणि पुढे वेगवेगळ्या लायनीला जातात. शंभर वर्षं झाली आपल्याकडे हे काम चालू होऊन.

तरी एक बाजू मी लपवणार नाही. पाटीवर 'चाइल्ड सेंटर्ड' लिहिलेली प्रत्येक शाळा तशी असतेच असं नाही, काही ठिकाणी नुसते रंगीत चार्ट आणि मोठी फी असते. आणि चांगल्या शाळेतही काही गोष्टी कमी पडू शकतात, तीन तास सलग लिहायची सवय, आकडेमोडीचा वेग, पाढे. म्हणून शाळेत जा आणि थेट विचारा, नववी-दहावीत पूर्ण वेळेचे किती लेखी पेपर घेता, मागच्या दोन-तीन बॅचची मुलं अकरावीत कशी रुळली, माझ्या मुलीचा गणिताचा सराव कुठे कच्चा आहे. खरी शाळा असेल तर ताई तुम्हाला मुलीची वही उघडून दाखवतील आणि गोल गोल उत्तर देणार नाहीत. गोल गोल उत्तर मिळालं तर मला परत लिहा, मग शाळेबद्दल वेगळा विचार करू.

परीक्षांचं एका दमात सांगते: जेईई, नीट, सीईटी तिन्हींचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे, सीईटीत तर ८० टक्के बारावीचं आणि २० टक्के अकरावीचं आणि निगेटिव्ह मार्किंग पण नाही, नीट ७२० मार्कांची. नववीपासून त्यासाठी शाळा सोडायची गरज नाही. नववी-दहावीत बीजगणित, भूमिती, विज्ञान पक्कं झालं तर दहावीनंतरची दोन वर्षं मन लावून केलेल्या मुलाला पुरतात.

आणि 'शाळा फक्त नावाला' हे जे तुम्ही सहज लिहिलंत त्याचा पण विचार करा. ह्याला डमी प्रवेश म्हणतात. कागदावर एका शाळेत, प्रत्यक्षात दिवसभर क्लासमध्ये. सीबीएसईने २०२४ मध्ये डमी विद्यार्थी दाखवणाऱ्या काही शाळांची मान्यता काढून घेतलीये. असं मध्येच काही झालं तर धावपळ कुणाची होणार? आणि चौदाव्या वर्षी मुलीला आपण शिकवणार काय, की हजेरी खोटी लावली तरी चालते?

इंजिनिअरिंग की मेडिकल याचं उत्तर मी देणार नाहीये. तुमच्या अख्ख्या पत्रात मुलीला काय आवडतं यावर एक शब्द नाही. ओढ्याचा नकाशा काढला ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत, पण त्यात तिने काय केलं होतं? पाणी मोजलं, लोकांशी बोलली, चित्र काढलं की गटाला कामं वाटून दिली? ह्या चारही गोष्टींतून चार वेगळी करिअर निघतात, हायड्रॉलॉजी (पाण्याचा अभ्यास), समाजशास्त्र, डिझाइन, मॅनेजमेंट, आणि अजून कितीतरी. तिला विचारा आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.

डिप्लोमाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला समजतं. घरच्या परिस्थितीमुळे म्हणा की मार्कांमुळे, थांबावं लागलं आणि ते आत राहिलं. पण तुम्ही डिप्लोमावर घर उभं केलंत, मुलीला चांगल्या शाळेत घातलंत, फी भरलीत वर्षानुवर्षं. तुमची राहिलेली पदवी तिने मिळवायची, हे ओझं तिच्यावर टाकू नका. तिला इंजिनिअर व्हायचं असेल तर ती तिच्या कारणाने होऊ दे. तुम्हाला स्वतःला अजून शिकायचं असेल तर डिप्लोमावाल्यांना नोकरी सांभाळून पदवी करता येते, मी मनापासून सांगतेय, त्याची माहिती हवी असेल तर वेगळं विचारा.

तर आता करायचं काय. परीक्षा संपायची वाट बघू नका, ह्याच रविवारी तिघं बसा आणि तिला सगळं खरं सांगा, पैसे भरलेत हेही. आम्हाला भीती का वाटते तेही सांगा, तुमच्या डिप्लोमाची गोष्ट सुद्धा सांगा, तिला ती माहीत नसेल. मग तिला दोन-चार दिवस द्या. दोन्ही जागा बघून, क्लासमध्ये एक दिवस बसून ती स्वतःच म्हणाली की मला हे करायचंय, तर माझी काही हरकत नाही, पाठवा, फक्त खऱ्या हजेरीची शाळा शोधा. नाही म्हणाली तर ते 'नाही' मान्य करा आणि दहावीपर्यंत आहे तिथेच राहू दे.

पन्नास हजारांचं बघा, पावतीवर परताव्याच्या अटी छापलेल्या असतात, बॅच सुरू व्हायच्या आत लेखी अर्ज द्या, फोनवर बोलून सोडू नका. सगळे परत मिळाले नाहीत तरी चालेल, त्या पैशासाठी मुलीची दोन वर्षं पणाला लावू नका. आणि काहीही ठरेपर्यंत शाळेतून दाखला काढू नका. अशा शाळांत वर्ग लहान असतात, मधल्या इयत्तांना जागा क्वचितच होते, एकदा नाव कमी केलं की नववीला परत घेतीलच असं नाही.