सुई टोचली, आता २८ दिवस गोळ्या?

प्रश्न : डॉक्टर, मी वॉर्डात स्टाफ नर्स आहे, एचआयव्ही पॉझिटिव्ह पेशंटची सुई बोटाला टोचली, गोळ्या लगेच चालू केल्या पण मळमळ फार होते आणि माझा रिपोर्टही निगेटिव्ह आलाय, मग बंद करू का?

उत्तर : नाही गं, अजिबात नको! हा रिपोर्ट टोचण्याआधीची स्थिती सांगतो, आत्ताची नाही. (तुला फोनवर सांगितलंच, बाकीच्यांसाठी छापतोय.) टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर या एचआयव्हीविरोधी औषधांची एकत्र गोळी पूर्ण २८ दिवस घ्यायची, मळमळ होत असेल तर जेवणानंतर घे, एआरटी सेंटरला (एचआयव्ही उपचार केंद्राला) सांग, तिथे गोळ्या फुकट मिळतात. अशा सुईतून लागण हजारात साधारण तिघांना होते, तरी पहिला डोस शक्यतो २ तासांत आणि ७२ तासांच्या आत हवाच. आणि हेपटायटिस बीची लस झालीय ना? लस नसेल तर सुईतून त्याची लागण होण्याचा धोका एचआयव्हीहून कितीतरी मोठा आहे, आजच कार्ड बघ.