मला होतंय ते अँग्झायटी आहे की डिप्रेशन, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की दोन-तीन महिन्यांपासून रात्री छातीत धडधडतं, झोप लागत नाही, दिवसा कशातच मन लागत नाही आणि अंथरुणातून उठणंही जड जातं. हे अँग्झायटी की डिप्रेशन ते कळत नाही म्हणून डॉक्टरकडे जाणं लांबतंय, गोळ्यांची भीती वाटते, आणि घरी सांगावं की नाही हेही ठरत नाहीये.

सगळ्यात आधी हे सांगते, की नाव कळल्याशिवाय डॉक्टरकडे जाता येत नाही असं मुळीच नाही. निदान करणं हे त्यांचं काम. काय होतंय ते नीट सांगणं एवढंच आपलं. मी डॉक्टर नाही. मला बरीच वर्षं अँग्झायटी होती, पुढे त्यात डिप्रेशनची भर पडली, आणि दोन्हींचे उपचार घेऊन आज मी बरी आहे. खाली लिहितेय ते त्या अनुभवातून, आणि त्या काळात डॉक्टरांना विचारून, वाचून समजलेलं.

लक्षणांची यादी समोर ठेवून खुणा करत बसलात तर गोंधळ वाढेल. झोप बिघडणं, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, माणसांना टाळणं हे दोन्हीकडे असतं. मला फरक कळायला लागला तो एका वेगळ्या प्रश्नाने: एखादी गोष्ट मी टाळतेय, ती नेमकी कशामुळे? समजा मैत्रिणीने भेटायला बोलावलंय. अँग्झायटीत जायची इच्छा असते. मनात तयारी चालू असते, तिथे कोण असेल, काय बोलायचं, मध्येच घाबरायला झालं तर बाहेर कसं पडायचं. शेवटी भीती वरचढ ठरते आणि आपण काहीतरी कारण सांगून जाणं रद्द करतो. त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, हळहळ नंतर येते. डिप्रेशनमध्ये हे काहीच घडत नाही. फोन वाजतो, तिचं नाव दिसतं, आणि आत काही हलतच नाही. गेले काय, न गेले काय. रद्द केल्यावर सुटकेची भावनाही नसते, कारण सुटायला काही धरलेलंच नसतं. तुम्ही गेल्या काही दिवसांत टाळलेल्या दोन-चार गोष्टी आठवून पाहा आणि त्या टाळल्यावर काय वाटलं ते लिहून ठेवा. डॉक्टरांना याचा खरंच उपयोग होतो.

दुसरी खूण विचारांची. अँग्झायटी सतत विचारते, ‘असं झालं तर?’ तिचा रोख बहुतेक वेळा पुढे असतो. डिप्रेशन मागचं उकरून काढतं, चुका, अपराधीपणा, आपण कुणाच्या कामाचे नाही ही भावना. पण डिप्रेशनमध्ये भविष्याचा विचार येतच नाही असं समजू नका. येतो, फक्त निकाल लागून गेल्यासारखा येतो. अँग्झायटीत वाईट होईल अशी शंका असते, म्हणून माणूस धडपडतो, दहा वेळा खात्री करून घेतो, लोकांना पुन्हा पुन्हा विचारतो. डिप्रेशनमध्ये वाईटच होणार याची खात्री पटलेली असते, म्हणून धडपडच थांबते.

शरीरही काही सांगतं. अंथरुणावर पडल्यावर डोकं थांबत नाही आणि तासन्‌तास झोप लागत नाही, हे अँग्झायटीत जास्त दिसतं. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, सकाळ सगळ्यात जड जाणं आणि संध्याकाळकडे थोडं हलकं वाटणं ही डिप्रेशनची ओळखीची खूण. काहींना उलट बारा-बारा तास झोप येते. अँग्झायटीत मान-खांदे ताठ, पोटात गोळा, श्वास वरवरचा. डिप्रेशनमध्ये कधी कधी चालणं-बोलणंही मंदावतं, आणि ते आपल्याआधी घरच्यांच्या लक्षात येतं.

तुमच्या धडधडण्याबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. पॅनिक अटॅकमध्ये धडधड, घाम, श्वास कोंडणं, आता मरणार अशी भीती हे सगळं एकदम उसळतं आणि साधारण १० मिनिटांत टोकाला जाऊन उतरू लागतं. तो भयंकर वाटतो, पण त्याने जीव जात नाही. तरी छातीत दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, श्रम केल्यावर वाढत असेल, किंवा शुद्ध हरपत असेल, तर ‘माझी अँग्झायटीच असेल’ म्हणून घरी थांबू नका. लगेच हॉस्पिटल गाठा. हृदयाचा प्रश्न नाही हे डॉक्टरांनीच सांगायला हवं.

आता कालावधी. डिप्रेशनच्या निदानासाठी लक्षणं किमान २ आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ असावी लागतात. ठरलेल्या नऊ लक्षणांपैकी पाच तरी लागतात आणि त्यात उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक असावंच लागतं. सतत कसली ना कसली काळजी लागून राहणाऱ्या अँग्झायटीसाठी हाच काळ ६ महिन्यांचा धरतात. पण मदत घ्यायला ६ महिने थांबायचं, असा याचा अर्थ नाही. झोप, काम, नाती यांवर परिणाम होतोय ना? मग तेवढं पुरे.

आणि तुमचं वर्णन वाचून मला सगळ्यात जास्त शक्यता वाटते ती दोन्ही एकत्र असण्याची. हे अजिबात दुर्मीळ नाही. पुष्कळदा अँग्झायटी आधी येते. माणूस एकेक गोष्ट टाळत जातो, जग लहान होत जातं, आनंद देणाऱ्या गोष्टीही त्यात सुटतात, सतत सावध राहून शरीर थकतं, आणि कधीतरी डिप्रेशन येऊन बसतं. माझं असंच झालं. म्हणून डॉक्टरांना क्रम सांगा: आधी धडधड आणि काळजी सुरू झाली, की आधी मन विझलं? उपचारांची दिशा ठरवताना त्यांना हे हवं असतं.

निदानाआधी आणखी काही शक्यता तपासून घ्याव्या लागतात आणि माझ्या मते याकडे लोक फार कमी लक्ष देतात. थायरॉइड कमी झालं तर सुस्ती, उदासी, वजन वाढणं, हे सगळं डिप्रेशनसारखं दिसतं. वाढलं तर धडधड, थरथर, घाम, झोप उडणं, म्हणजे हुबेहूब अँग्झायटी. हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असेल तरी माणूस गळून जातो. दम्याचे काही इन्हेलर आणि स्टिरॉइडची औषधं अस्वस्थता वाढवतात. भरपूर चहा-कॉफीनेही धडधड होते. दारू तर दोन्हींची शत्रू: प्यायल्यावर तासाभरासाठी शांत वाटतं, उतरताना अँग्झायटी दुप्पट होऊन येते आणि झोपही तुटक होते. यातलं काही असेल तर न लाजता सांगा. साधी रक्ततपासणी आधी करून घ्या.

एक गोष्ट डॉक्टर विचारायला विसरले तरी तुम्ही सांगाच. आयुष्यात कधी असे सलग काही दिवस गेलेत का, की झोप अगदी कमी असूनही थकवा नव्हता, डोक्यात कल्पनांचा पूर होता, बोलणं थांबत नव्हतं, पैसे वारेमाप खर्च झाले? किंवा घरात कुणाला बायपोलर, म्हणजे मन कधी असं उसळणं तर कधी पार खचणं, हा आजार आहे का? अशा माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर मन दुसऱ्या टोकाला उसळू शकतं. तिथे उपचारच वेगळे असतात.

जाण्याआधी स्वतःचा अंदाज हवाच असेल तर पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या दोन प्रश्नावल्या भरा. डॉक्टरही त्याच वापरतात, आणि दोन्हींत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. पहिली डिप्रेशनची, गुण ० ते २७. दुसरी अँग्झायटीची, गुण ० ते २१. कुठल्याही एकीत १० किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञाला भेटायला हवं असं समजा. हे निदान नव्हे, चाळणी आहे. ‘तुमचा आवडता रंग सांगा, तुमचं मन ओळखतो’ छापाच्या चाचण्यांपासून दूर राहा, त्या माणसाला उगाच घाबरवतात.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर थोडंही ‘हो’ असेल, तर एकूण गुण कितीही असोत, या आठवड्यातच डॉक्टरला भेटा आणि हेच पहिल्यांदा सांगा. विचारांत कसं, कधी, कशाने असा बेत येऊ लागला असेल तर आज, आत्ता कुणाला तरी सोबत बोलवा, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा किंवा तुमच्या देशातल्या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनला फोन करा. ते साधन हाताशी असेल तर घराबाहेर द्या. विचारांची ही लाट ओसरते, आणि ती ओसरेपर्यंत एकटं राहायचं नाही.

कुणाकडे जायचं? नेहमीच्या डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालेल, तपासण्या तेच लिहून देतील. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर, औषधं तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात, औषधं नाही. समुपदेशकांच्या शिक्षणात फार तफावत असते, म्हणून पात्रता विचारून घ्या. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. तुमच्याकडे झोप आणि उठणं दोन्ही बिघडलंय, म्हणून मी असते तर सुरुवात सायकिअॅट्रिस्टपासून केली असती आणि थेरपी सोबत लावली असती. पहिल्या भेटीत ऐनवेळी सगळं विसरायला होतं, तेव्हा अर्ध्या पानावर लिहून न्या: कधीपासून, आधी काय झालं, झोप कशी, कुठली औषधं चालू, काय करणं सुटलं. वाचून दाखवलंत तरी चालतं.

थेरपीत दोन्हींसाठी सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणाऱ्या पद्धतीचा, चांगला आधार आहे. पण प्रत्यक्ष काम वेगळं असतं, आणि फरक ओळखण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. अँग्झायटीत ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पायरी-पायरीने जायचं असतं, भीती सोबत असतानाच, ती आपोआप उतरते हे शरीराला कळेपर्यंत. विश्रांती घेऊन, टाळून ती कमी होत नाही. डिप्रेशनमध्ये इच्छा व्हायची वाट पाहिली तर ती येतच नाही, म्हणून आधी कृती: ठरलेल्या वेळी उठणं, दहा मिनिटं चालणं, एका माणसाशी बोलणं. रस नंतर हळूहळू परत येतो. मला थेरपिस्टने दिलेलं पहिलं काम फक्त सकाळी खिडकी उघडून तिथे उभं राहण्याचं होतं. तेही रोज जमत नव्हतं आणि ते ठीक होतं. पण खूप खोल डिप्रेशन असलेल्याला ‘फिरायला जा, बरं वाटेल’ असं सांगून औषधं टाळू नयेत, हे मी ठामपणे म्हणेन.

गोळ्यांबद्दल. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटीन अशी एसएसआरआय गटातली औषधं अँग्झायटी आणि डिप्रेशन दोन्हींवर वापरतात. म्हणजे नाव नक्की झालं नाही म्हणून उपचार अडतीलच असं नाही. गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. त्रास मात्र आधी येतो: मळमळ, डोकेदुखी, आणि सुरुवातीला अस्वस्थता किंचित वाढणं. अँग्झायटी असलेला माणूस नेमका इथेच घाबरून गोळी सोडतो, म्हणून हे आधी माहीत असलेलं बरं. कमी डोसने सुरू करायला सांगता येतं. लैंगिक इच्छा कमी होऊ शकते. तसं झालं तर सांगा, औषध बदलता येतं. व्यसन लागावं तशी यांची तलफ येत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, झिणझिण्या, चिडचिड होते. बरं वाटू लागल्यावरही साधारण ६ महिने ते वर्षभर त्या चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. वय २५ च्या आत असेल तर पहिल्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढत नाहीत ना, यावर घरच्या कुणाचं तरी लक्ष हवं.

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या गोळ्या वेगळ्या. त्या अर्ध्या-एक तासात शांत करतात, आणि सवय याच लावतात. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिल्या तर घ्या, ‘किती दिवस?’ हे विचारून घ्या, आणि कुणाच्या उरलेल्या कधीच घेऊ नका. बराच काळ घेत असाल तर अचानक थांबवूही नका, फिट येऊ शकते.

घरी सांगण्याबद्दल माझं मत असं, की सगळ्यांना नाही, पण एकाला सांगा. लगेच सल्ले न देणारं माणूस निवडा. आजाराचं नाव घेतलंत तर त्यावरच वाद सुरू होईल, त्यापेक्षा सरळ मागणी करा: ‘दोन-तीन महिने मला झोप नाही, काही करवत नाही. मला डॉक्टरकडे जायचंय, तू सोबत येशील?’ समोरून ‘मन घट्ट कर, सगळ्यांनाच होतं’ असं आलं तर पटवत बसू नका, तुमच्यात तेवढी ताकद आत्ता नाही. दुसऱ्या कुणाला विचारा. सोबत आलेलं माणूस डॉक्टरांना अशा गोष्टी सांगतं ज्या आपल्याला दिसत नाहीत, आपलं बोलणं कमी झालंय, आपण ताटावर तसेच बसून राहतो, वगैरे. आणि अपॉइंटमेंटचा फोन करणंही होत नसेल, तर तो फोन त्यांनाच करायला सांगा.