बेक्शिन्स्की आवडला असेल तर व्रुब्लेव्स्कीची निळी माणसं बघा

तुम्ही विचारलंय की पोलिश चित्रकार बेक्शिन्स्कीच्या त्या लालसर आकाशाच्या, हाडकुळ्या आकृत्यांच्या चित्रांचा अर्थ काय, पोलंडचे सगळेच आधुनिक चित्रकार इतके काळोखे आहेत का, आणि कामासाठी वॉर्साला जाणार आहात तर तिथे काय बघावं. शेवटी भारतात यातलं काही बघायला मिळतं का, असंही आहे. नोकरीमुळे मी चार वर्षं पोलंडमधल्या क्राकूवला होतो आणि सुट्टीचे बरेच दिवस संग्रहालयांत घालवले, म्हणून सविस्तर लिहितो.

बेक्शिन्स्कीचा अर्थ लावायच्या मागे लागू नका. झ्जिस्वाव बेक्शिन्स्कीने (१९२९–२००५) चित्रांना नावंच दिली नाहीत. कोणी प्रतीकं उलगडून दाखवू लागलं की ते त्याला रुचत नसे. स्वप्नाचा फोटो काढावा तसं रंगवायचंय, एवढंच तो सांगे. शिक्षण आर्किटेक्चरचं, काही काळ सानोकच्या बस कारखान्यात डिझाइनचं काम, आणि चित्रं हार्डबोर्डवर तैलरंगात. मोबाइलवर ती चित्रं भिववतात. प्रत्यक्षात मात्र नजर आधी रंगाच्या कामावर जाते, कापडाची एकेक चुणी आणि धुक्याचा एकेक थर किती निगुतीने काढलाय त्यावर. त्याचा सर्वांत मोठा संग्रह सानोकच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे. ते गाव पार आग्नेय कोपऱ्यात आहे, वॉर्साहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो चित्रकार: आन्जेय व्रुब्लेव्स्की. जन्म १९२७, विल्नोचा, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या विल्निअसचा. १९४१ मध्ये जर्मन त्यांच्या घराची झडती घेत असताना वडील हृदयविकाराने गेले. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. युद्धानंतर कुटुंब क्राकूवला आलं आणि तो तिथल्या कला अकादमीत शिकू लागला. तिथे रंगसंगतीवर भर देणाऱ्या, फ्रेंच वळणाच्या चित्रकलेचा पगडा होता. शिक्षक कसलेले होते, पण देशाने नुकतं जे पाहिलं होतं ते त्या रंगांत मावत नव्हतं. व्रुब्लेव्स्कीने मित्रांना घेऊन स्वतःच शिकण्याचा एक गट काढला. पुढे सिनेमात नाव काढलेला आन्जेय वायदा त्याच गटात होता.

१९४९ मध्ये, बाविशीच्या आसपास, त्याने गोळ्या घालून मारल्या जाणाऱ्या माणसांची आठ चित्रं केली. त्यातलं ‘अतिवास्तव’ म्हणून ओळखलं जाणारं चित्र वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं आहे. बंदूकधारी कुठेच दिसत नाही. साध्या कपड्यांतली माणसं ओळीने उभी, आणि गोळी लागल्यावर शरीर कसं मोडतं, कसं उलटं-सुलटं होतं, ते पायरीपायरीने. रक्त नाही. मेलेला माणूस तो निळा रंगवतो, बस्स. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रात आई मेलेल्या मुलाला कवटाळून आहे. आई जिवंत माणसाच्या रंगाची, मूल निळं. ‘निळा ड्रायव्हर’ १९४८ चा. त्यात आपण बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसलो आहोत आणि त्याची नुसती निळी पाठ दिसते. गाडी कुठे चालली आहे हे विचारायचं सुचतच नाही. मी पहिल्यांदा या निळ्यासमोर उभा राहिलो तेव्हा बेक्शिन्स्कीची शेकडो चित्रं बघून झाली होती, आणि तरी असं गलबलून आलं नव्हतं. भुताखेतांची जरुरी नाही, शेजारचा माणूस निळा झाला की पुरे, हे तिथे कळलं.

त्याच्याबद्दल एक गोष्ट लपवू नये. सरकारने समाजवादी वास्तववाद (कामगारांचं आणि नव्या व्यवस्थेचं गुणगान करणारी ठरावीक शैली) लादला तेव्हा तो स्वतःहून, मनापासून त्यात गेला आणि काही वर्षं निर्जीव चित्रं काढली. माझ्या मते त्यांतलं फार थोडं टिकतं. पण १९५६ च्या सुमाराला तो आपल्या वाटेवर परत आला. ‘रांग चालूच’ या चित्रात खुर्च्यांवर माणसं वाट बघत बसली आहेत, पुढच्या चित्रांत तर माणसंच खुर्च्या होऊ लागली. मार्च १९५७ मध्ये तात्रा पर्वतात एकटा फिरायला गेला आणि तिथेच मरण पावला. वय २९. कॅनव्हास वाचवण्यासाठी म्हणा किंवा आणखी कशाने, तो अनेकदा दोन्ही बाजूंनी रंगवायचा. एखादं चित्र भिंतीऐवजी मोकळं उभं केलेलं दिसलं तर मागे जाऊन नक्की बघा.

मग सगळेच काळोखे का? नाही. वॉर्सा मेट्रोच्या दुसऱ्या लाइनने मधल्या टप्प्यात प्रवास करा. स्टेशनच्या भिंतींवरची ती प्रचंड रंगीत नावं चित्रकार वोइचेख फांगोरची (१९२२–२०१५). त्याचीच वर्तुळं, कडा विरघळलेली, १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात एकट्याच्या प्रदर्शनात लागली होती. डोळे स्थिर ठेवलेत तरी ती हलतात.

एक रविवार वूच या शहरासाठी ठेवा (लिहितात Łódź, उच्चार असा). चित्रकार व्वादिस्वाव स्त्शेमिन्स्कीने पहिल्या महायुद्धात एक हात आणि एक पाय गमावला होता. त्याने मित्रांबरोबर जमवलेला आधुनिक कलेचा संग्रह १९३१ मध्ये इथे लोकांसाठी खुला झाला. इतक्या लवकर असं काही युरोपात फार थोड्या ठिकाणी घडलं होतं. १९४८ मध्ये त्याने संग्रहालयातली एक खोली लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्यांनी रंगवली, तिच्यात पत्नी कातार्झिना कोब्रोची शिल्पं. १९५० मध्ये अधिकाऱ्यांनी खोलीवर रंग फासला आणि त्याला शिकवण्याच्या नोकरीतून काढलं. १९५२ मध्ये तो हलाखीत वारला. १९६० मध्ये त्याच्या विद्यार्थ्याने खोली पुन्हा उभी केली. ती जुन्या, वाड्यातल्या इमारतीत आहे, मॉलशेजारच्या नव्या इमारतीत नाही. मी पहिल्या वेळी चुकीच्या जागी जाऊन परत आलो होतो.

त्याच शहरात चित्रकार रोमान ओपाऊकाच्या आकड्यांच्या मालिकेचा पहिला कॅनव्हास आहे. १९६५ मध्ये त्याने वॉर्सात वरच्या डाव्या कोपऱ्यात १ लिहिला आणि २०११ मध्ये मरेपर्यंत पुढचे आकडे रंगवत राहिला. कॅनव्हास कायम १९६ बाय १३५ सेंमी. दहा लाखांनंतर प्रत्येक नव्या कॅनव्हासची पार्श्वभूमी एक टक्का जास्त पांढरी. शेवटी पांढऱ्यावर पांढरं, म्हणून आकडा पोलिशमध्ये मोठ्याने म्हणून टेपवर घ्यायचा. थांबला तो ५६,०७,२४९ वर. फोटोत यातलं काही कळत नाही, जवळ जा आणि ब्रशमधला रंग संपत जाताना आकडे कसे पुसट होतात ते बघा.

भारतात काय बघायचं, तर जोधपूर. पोलिश चित्रकार स्टेफान नॉर्ब्लिन १९३९ मध्ये वॉर्सातून निसटला, फिरत फिरत इथे पोचला आणि १९४० च्या दशकात महाराजा उमेदसिंहांसाठी त्याने उमेद भवन राजवाड्याच्या भिंतींवर रामायणातले प्रसंग रंगवले. व्रुब्लेव्स्कीच्या जगाशी त्याचं नातं नाही, तो पोस्टर आणि आर्ट डेकोच्या (ठसठशीत, सजावटी शैलीच्या) वळणाचा. तिथे बराचसा भाग हॉटेलात आणि राजघराण्याच्या वापरात आहे, तेव्हा जाण्याआधी कुठपर्यंत बघता येईल ते फोन करून विचारा. आणि वॉर्साच्या संग्रहालयातही तिकीट काढताना व्रुब्लेव्स्की सध्या भिंतीवर आहे ना, एवढं खिडकीवर विचारून घ्या, कारण त्याची चित्रं दुसरीकडच्या प्रदर्शनांना सारखी जात असतात.