जुना पायथॉन कोड वापरून पहिले डेस्कटॉप ॲप्लिकेशन करता येईल का?

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानासाठी लिहिलेला, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) काढणारा पायथॉन कोड तसाच ठेवून त्यावर डेस्कटॉप ॲप्लिकेशन उभे करता येईल का, असे आपण विचारले आहे. करता येईल, आणि तसेच करावे. वजन, दर, अडत, हमाली आणि तोलाई यांचा जो हिशेब आज बिनचूक निघतो, तो नव्याने लिहिण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. मात्र त्यात जागोजागी इनपुट आणि प्रिंट (माहिती विचारणाऱ्या व उत्तर पडद्यावर छापणाऱ्या आज्ञा) मिसळलेले असतील, तर आधी ते बाहेर काढावेत: फंक्शनने (हिशेब करणाऱ्या कोडच्या तुकड्याने) गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, वजने व दर घ्यावेत आणि निव्वळ रक्कम परत द्यावी, एवढेच; मग तेच फंक्शन बटण दाबल्यावरही चालते आणि जुन्या पट्ट्यांशी ताडूनही पाहता येते. (रकमा पायथॉनच्या फ्लोट या संख्याप्रकाराऐवजी डेसिमलमध्ये ठेवाव्यात; फ्लोटमध्ये पैशांचा बारीक फरक पडू शकतो.)

पडद्यासाठी, म्हणजे खिडक्या व बटणे दाखवण्यासाठी, टीकेइंटर ही लायब्ररी (तयार कोडचा संच) पुरेशी आहे. ती विंडोजवरील पायथॉनसोबतच येते. नोंदींसाठी एसक्यूलाइट हा एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस घ्यावा, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. पुढे टीकेइंटरऐवजी पायक्यूटी ही पडद्याची दुसरी लायब्ररी घ्यावीशी वाटल्यास परवाना आधी वाचावा, कारण ती जीपीएल (ॲप्लिकेशन देताना त्याचा कोडही खुला करायला लावणारा परवाना) किंवा विकतच्या परवान्याखाली मिळते, तर तशीच पायसाइड ही लायब्ररी एलजीपीएल या अधिक सैल, आपला कोड बंद ठेवू देणाऱ्या परवान्याखालीही मिळते, आणि ॲप्लिकेशन विकायचे असल्यास हा फरक महत्त्वाचा ठरतो. दुकानातील संगणकासाठी पायइन्स्टॉलर या साधनाने ईएक्सई फाइल (पायथॉन न बसवताही थेट चालणारी विंडोजची फाइल) बनवावी. ती मात्र विंडोजवरच बनवावी लागते.