बाईकच्या फोर्कमधून (पुढच्या शॉकअपमधून) ऑइल येतंय? सील बदलायच्या आधी हे बघ

भावा, लगेच सील (ऑइल आत धरून ठेवणारी रबरी रिंग) आणायला पळू नकोस. आधी डस्ट सील (बाहेरचं धूळ अडवणारं रबर) हलकेच जागेवरून सरकव आणि फोर्कचा चकचकीत पाईप नीट पुसून त्यावरनं नख फिरव, कुठे अडकलं तर तिथे गंजाचा खड्डा आहे समज, मग कितीही भारी सील टाक, महिन्याभरात परत गळणारच. पाईप गुळगुळीत असेल तर कधीकधी सीलच्या ओठात नुसती माती अडकलेली असते, प्लास्टिकची पातळ पट्टी आत सरकवून गोल फिरवली की निघते, माझं एकदा तेवढ्यावरच भागलं होतं.

बदलायचेच असतील तर दोन्ही बाजूचे बदल. आणि फोर्कच्या खालचा ॲलन बोल्ट (षटकोनी खाचेचा) स्प्रिंग आत असतानाच ढिला कर, नंतर आतला रॉडच बोल्टबरोबर फिरत बसतो आणि आपण शिव्या देत बसतो. नवीन सील घालताना पाईपच्या टोकावर ऑइल लावलेली पिशवी चढव, नाहीतर धारेने ओठ कापला जातो. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच, जास्त ओतलं तर प्रेशर वाढून सील परत जातं.

हां, ब्रेक पॅडवर ऑइल उतरलं असेल तर पुसत बसू नको, सरळ नवीन टाक.