पहिली गोधडी घरात कशी ठेवशील?

पहिली गोधडी पुरी केलीस, फार छान वाटलं! भिंतीवर लावणार असशील तर ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या भागात आधी भिंत नीट निवड. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत नकोच; आतली, उन्हाची तिरीप न पोचणारी घे. कापडात खिळे ठोकू नकोस. मागच्या बाजूने वरच्या काठाला सुती कापडाची नळीसारखी पट्टी शिव आणि तिच्यातून दांडी ओव. वजन पूर्ण रुंदीवर वाटलं जातं, टाके ताणत नाहीत. काही महिन्यांनी उतरवून ठेव.

कपाटात ठेवताना प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, बेडखालची झिपवालीसुद्धा. आत दमटपणा कोंडतो आणि बुरशीचे डाग सहसा जात नाहीत. धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या पांढऱ्या धोतरात गुंडाळ.

खरी काळजी घ्यायची ती घड्यांची. एकाच रेषेत दुमडून राहिलेलं कापड तिथेच विरतं. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदल, दुमडीच्या पोटात सुती कापडाची वळकटी ठेव. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नकोस. पाऊस सरला की ऑक्टोबरात सावलीत वारा लागू दे. आणि घरात आजीची विरलेली वाकळ असेल, तर ती टांगूच नकोस. आडवीच राहू दे.