अभिव्यक्ती, खासगीपणा आणि तंत्रज्ञानाचा कायदा शिकायला अमेरिकेत यावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातून एलएलबी झालं, मुंबई उच्च न्यायालयात काही वर्षं वकिली झाली, आता अभिव्यक्तिस्वातंत्र्य, खासगीपणा आणि एआय यांच्या कायद्यावर संशोधन करायचंय. अमेरिकेत एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) आणि मग डॉक्टरेट करावी का? आणि व्हिसावर असताना या विषयावर मोकळेपणाने लिहिता येतं का? मी याच विषयात बॉस्टनजवळ शिकले आणि आता इथेच शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण प्रवेशाच्या माहितीपत्रकांत त्याचं उत्तर नसतं. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतल्या सोशल मीडिया खात्यांची नावं द्यावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना ती खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवायलाही सांगितलं जातं. म्हणजे खासगीपणाच्या कायद्यावर संशोधन करायला येणाऱ्या माणसाला पहिली किंमत खासगीपणाचीच मोजावी लागते. याविरुद्ध तुम्हाला मुंबईत बसून पहिल्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे अमेरिकी राज्यघटनेतल्या भाषणस्वातंत्र्याच्या हमीचा, आधार घेता येत नाही. अर्नेस्ट मँडेल या बेल्जियन मार्क्सवादी लेखकाला इथल्या विद्यापीठांनी व्याख्यानांना बोलावलं होतं आणि सरकारने त्याला येऊ दिलं नाही. १९७२ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली.

एकदा इथे राहायला लागलात की चित्र बदलतं, पण पूर्ण नाही. परदेशी रहिवाशांनाही भाषणस्वातंत्र्य आहे, असं न्यायालयाने १९४५ च्या ब्रिजेस खटल्यात म्हटलं. पुढे सातच वर्षांनी, पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व होतं म्हणून लोकांना हद्दपार करायला त्याच न्यायालयाने हरकत घेतली नाही. या दोन निकालांमधली दरी अजून बुजलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बॉस्टनच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश विल्यम यंग यांनी स्पष्ट लिहिलं की कायदेशीरपणे इथे असलेल्या परदेशी माणसाचं भाषणस्वातंत्र्य नागरिकाइतकंच आहे. मला तो निकाल मनापासून पटतो, पण तो खालच्या न्यायालयाचा आहे हे विसरू नका. विमानतळाचंही तसंच. अटक झालेल्याचा फोन तपासायला पोलिसांना वॉरंट लागतं, हे २०१४ च्या रायली खटल्यात एकमताने ठरलं. सीमेवरचा अधिकारी मात्र वॉरंटशिवाय तुमचा फोन उघडून बघू शकतो. संशोधनात कुणी विश्वासाने दिलेली माहिती असेल, तर ती फोनवर घेऊन प्रवास करू नका. आणि अर्जात एकही खातं लपवू नका. जुन्या पोस्टपेक्षा ती लपवाछपवीच जास्त महागात पडते.

एवढं सांगूनही माझं उत्तर ‘या’ असंच आहे. पण कशासाठी यायचं ते नीट ठरवून या.

भारतातून येणारे बहुतेक जण श्रेया सिंघल (ऑनलाइन अभिव्यक्तीचा) आणि पुट्टस्वामी (खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा) हे भारतीय सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पाठ करून येतात आणि अमेरिकेत त्याच वाटेने पुढे जाता येईल असं धरून चालतात. तसं होत नाही. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या भाषणस्वातंत्र्यासोबत १९(२) चे वाजवी निर्बंध येतात. इथे तशी यादीच नाही. श्रेया सिंघल निकालात न्या. नरिमन यांनी आयटी कायद्याचं (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं) कलम ६६ अ रद्द करताना हा फरक स्वतःच मांडला होता. तो भाग पुन्हा वाचा. पालघरच्या दोन तरुणींच्या अटकेनंतर उभी राहिलेली ती याचिका आपल्याकडे मैलाचा दगड ठरली, पण इथल्या वर्गात तिच्यावर पहिला प्रश्न येतो तो असा: चिथावणी लगेच हिंसा घडवणारी असल्याशिवाय शिक्षा कशी करता येईल? १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालापासून इथे कसोटी ती आहे.

खरी गंमत खासगीपणात आहे. वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरचा प्रसिद्ध लेख १८९० चा, म्हणजे या विषयावरचं लेखन इथे किती जुनं आहे बघा. तरीही सगळ्या माहितीला लागू होईल असा एकही संघीय कायदा आजवर झालेला नाही. तुकडे आहेत. न्यायाधीशपदासाठी नाव आलेल्या रॉबर्ट बोर्क यांनी भाड्याने आणलेल्या व्हिडिओंची यादी एका वृत्तपत्राने छापली, त्यातून १९८८ चा व्हिडिओ कायदा आला. चेहरा आणि बोटांच्या ठशांबद्दल इलिनॉय राज्याने २००८ मध्ये वेगळा कायदा केला. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे २०११ चा सोरेल निकाल. डॉक्टर कोणती औषधं लिहून देतात ही माहिती औषध कंपन्यांच्या विक्रेत्यांना विकण्यावर व्हरमाँटने बंधन घातलं होतं. न्यायालयाने ते भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केलं. माहितीची विक्रीही ‘भाषण’ ठरली, तर खासगीपणाचा कोणता कायदा टिकेल? २०२४ च्या नेटचॉइस निकालाने सोशल मीडिया कंपन्यांच्या मजकूर-निवडीलाही तेच छत्र देऊ केलं. आता एआय मॉडेलने लिहिलेलं वाक्य कोणाचं भाषण, हा वाद त्याच वाटेने चाललाय. तुमचे तिन्ही विषय इथे एकमेकांना भिडतात. असा आखाडा दुसऱ्या देशात सापडायचा नाही.

पण प्रश्न मात्र घरचा घेऊन या. तुमच्याच न्यायालयात २०२३ च्या आयटी नियमांतल्या (सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवणाऱ्या) सरकारी तथ्य-तपासणी कक्षावर जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचं मतभिन्नतेचं निकालपत्र आलं आणि सप्टेंबरमध्ये न्या. अतुल चांदुरकरांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी एआयने केलेल्या आवाजाच्या नकलेबद्दल गायक अरिजित सिंग यांना तिथेच अंतरिम संरक्षण मिळालं. याहून मोठा विषय म्हणजे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचं, वैयक्तिक माहितीबद्दलचं, कलम ८(१)(जे) बदललं आणि ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं सोपं झालं. केंद्राच्या आधी, २००२ मध्येच माहिती अधिकाराचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्रातल्या वकिलाने हा विषय हाती घ्यावा असं मला फार वाटतं. खासगीपणाच्या नावाने जाब विचारण्याचा हक्क आकसतो, ते सोरेलचं उलटं टोक आहे. हे दोन्ही एका प्रबंधात मांडणारा माणूस इथल्या चर्चेला खरोखर काही नवं देईल.

फक्त डेटा संरक्षणातच रस असेल तर अमेरिका सोडा आणि युरोपकडे बघा. जीडीपीआर (युरोपीय संघाचा डेटा संरक्षण कायदा) आणि एआय कायदा तिथले. अ‍ॅमस्टरडॅम, टिलबर्ग, लूव्हेन इथे चांगले गट आहेत, आणि नेदरलँड्समध्ये पीएचडी करणाऱ्याला बहुधा नोकरीसारखा पगार मिळतो.

पैशाचं सांगायचं तर इथल्या नामांकित ठिकाणी एलएलएमचं नुसतं शुल्कच ७० हजार डॉलरच्या वर जातं. नंतरची ओपीटी (शिक्षणानंतर इथे काम करण्याची परवानगी) बारा महिन्यांचीच. विज्ञान शाखांना मिळणारी वाढ कायद्याला नाही. एफ-२ व्हिसावर (विद्यार्थ्याच्या कुटुंबीयांच्या) आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही, हे घरी आधीच बोलून घ्या. फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली तर पैशाची काळजी मिटते, पण दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट येते. तुम्हाला परतून मुंबईतच काम करायचं असेल तर ती अट अडचणीची नाही.

एसजेडीला (कायद्यातल्या डॉक्टरेटला) बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या एलएलएमवाल्यांनाच प्राधान्य असतं, त्यामुळे एलएलएमची जागा निवडताना क्रमवारीपेक्षा तुमच्या प्रश्नावर काम करणारा मार्गदर्शक तिथे आहे का ते पाहा. येलचा इन्फर्मेशन सोसायटी प्रोजेक्ट, हार्वर्डचं बर्कमन क्लाइन, कोलंबियाची नाइट संस्था इथल्या लोकांचे अलीकडचे लेख वाचा आणि ज्याच्याशी तुमचा खरा मतभेद आहे त्यालाच पत्र लिहा. प्रायव्हसी लॉ स्कॉलर्स कॉन्फरन्समध्ये लेखक आपला निबंध सादर करत नाही, दुसराच तो मांडतो आणि लेखक बहुतेक वेळ ऐकतो. त्या पद्धतीची सवय आत्तापासून करा: मसुदा एखाद्या वकील मित्राला द्या आणि तो काय समजला ते मध्ये न बोलता ऐका.

अर्जांच्या मुदती बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या आसपास संपतात. माहिती अधिकाराचा विषय घेतलात तर संशोधन-प्रस्ताव दोन पानांत लिहून मला पाठवा, मी वाचून कळवते.